विश्लेषण : जुन्या जीपचे इंजिन बदलायचे, की आधी ‘करंट’ तपासायचा?

राळेगाव तालुक्यात वडकीजवळून जाणाऱ्या नागपूर-हैदराबाद महामार्गावर आता नव्या मोटारी धावतात. पण महामार्ग सोडून काळ्या मातीच्या पांदणीत उतरले की जुन्या जीपचा मान अजून कायम आहे. वडिलांच्या किंवा आजोबांच्या वेळची पेट्रोल जीप काही घरांच्या अंगणात आजही उभी दिसते. अडचण एवढीच, की ती सकाळी लवकर सुरू होत नाही, सुरू झाली तर चढावर मिसिंग मारते आणि उन्हात मध्येच बंद पडते. गॅरेजमध्ये नेली, की पहिला सल्ला ठरलेला असतो : ‘भाऊ, हे इंजिनच काढा, डिझेल टाकून देऊ.’ हा सल्ला कधी कधी बरोबरही असतो. मात्र बऱ्याचदा तो फार लवकर दिला जातो आणि त्यात पैशांबरोबर गाडीचे कागदही अडचणीत येतात. म्हणून आधी काय तपासावे, काय बदलावे आणि कायदा काय सांगतो, हे समजून घेणे गरजेचे आहे.

हे इंजिन नेमके कोणते?

महिंद्रने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे भारतीय रस्त्यांवर सर्वाधिक ओळखीची झाली ती उंच बॉनेटची ‘सीजे-३बी’. तिचे बॉनेट उंच असण्याचे कारण तिच्या इंजिनातच आहे. या ‘हरिकेन’ इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आहेत, तर जळालेला वायू बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. या रचनेमुळे इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेटही वर उचलावे लागले.

चार सिलिंडर, सुमारे २,२०० सीसी आणि कागदावर ४,००० फेऱ्यांना ७२ अश्वशक्ती, अशी त्याची क्षमता. पिस्टनचा व्यास सुमारे ७९ मिलिमीटर, तर त्याचा वरखाली प्रवास १११ मिलिमीटर. इतक्या लांब स्ट्रोकमुळे हे इंजिन कमी फेऱ्यांतही चांगली ओढ देते. चिखलात, भरलेल्या ट्रॉलीपुढे किंवा पांदणीतल्या चाकोऱ्यांत हीच ओढ कामाला येते.

महिंद्रने १९७९ मध्ये प्युजो कंपनीकडून ‘एक्सडीपी’ या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. त्याची ताकद ६२ अश्वशक्ती, म्हणजे कागदावर पेट्रोल इंजिनापेक्षा कमीच. तरीही लोक डिझेलकडे वळले, कारण डिझेल स्वस्त होते आणि इंजिन तेल कमी प्यायचे. तेव्हाचा तो हिशेब होता. आज जीप महिन्यातून चार वेळा बाहेर निघत असेल, तर हाच हिशेब नव्याने मांडायला हवा.

‘करंट’ तयार कसा होतो?

गॅरेजच्या भाषेत ज्याला ‘करंट’ म्हणतात, तो म्हणजे प्लगच्या टोकाशी पडणारी ठिणगी. बॅटरी देते १२ व्होल्ट. प्लगच्या फटीतून ठिणगी उडी मारायला मात्र हजारो व्होल्ट लागतात. हे काम इग्निशन कॉइल करते. तिच्यात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात, एक जाड तारेचे कमी वेढ्यांचे आणि दुसरे बारीक तारेचे हजारो वेढ्यांचे. जाड वेटोळ्यातून वाहणारा प्रवाह एकदम तोडला, की बारीक वेटोळ्यात वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब तयार होतो.

हा प्रवाह नेमक्या क्षणी तोडतो तो डिस्ट्रिब्युटरमधला सीबी पॉइंट. डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवर चार उंचवटे असतात. प्रत्येक उंचवट्याला पॉइंट उघडतो आणि ठिणगी पडते. वर फिरणारा रोटर ती १-३-४-२ या क्रमाने सिलिंडरांना वाटतो. पॉइंटला जोडलेला छोटा कंडेन्सर तिथे होणारा जाळ शोषून घेतो. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची ही जोडणी अमेरिकी अभियंता चार्ल्स केटरिंग यांनी १९१०च्या सुमारास कॅडिलॅक मोटारींसाठी विकसित केली. राळेगावातल्या जुन्या पेट्रोल जीपमध्ये आजही तीच पद्धत आहे.

पॉइंट वारंवार का बिघडतात?

पॉइंटवर किती काम पडते, हे आकडेमोडीने लगेच कळते. चार स्ट्रोकच्या चार सिलिंडर इंजिनात प्रत्येक फेरीला दोन ठिणग्या लागतात. इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर चालले तर मिनिटाला ५,००० ठिणग्या. राळेगावहून यवतमाळला जायला एक तास लागला, असे धरले तर पॉइंट तीन लाख वेळा उघडतो आणि मिटतो.

दर वेळी त्याच्या टोकांवर थोडा जाळ होतो आणि धातू झिजतो. शाफ्टच्या उंचवट्यांवर घासणारी फायबरची टाचही झिजते. टाच झिजली की पॉइंटची फट कमी होते आणि तो उशिरा उघडतो. परिणामी ठिणगी उशिरा पडते, म्हणजे टायमिंग मागे जाते. गाडीची ओढ कमी होते, इंजिन तापते आणि पेट्रोल जास्त लागते. मालकाला वाटते, इंजिनच म्हातारे झाले. प्रत्यक्षात दोष अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत असतो.

या जीपसाठी पॉइंटची फट ०.०२० इंच (सुमारे अर्धा मिलिमीटर) आणि प्लगची फट ०.०३० इंच (सुमारे पाऊण मिलिमीटर) असावी लागते. टायमिंग पिस्टन वर पोहोचण्याच्या साधारण ५ अंश आधी. फिलर गेज आणि टायमिंग लाइट वापरून हे तपासायला तास-दीड तास पुरतो. डोळ्याने अंदाज घेऊन, पॉइंटवर सँडपेपर मारून गाडी परत दिली, तर आठवड्याभरात तीच तक्रार पुन्हा येते.

विदर्भातला उन्हाळा आणि धूळ यात भर घालतात. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाला बारीक तडा असेल, तर पावसाळ्यात त्यात ओल शिरून ठिणगी भलतीकडे पळते. प्लगच्या वायरी कडक होऊन फाटलेल्या असतील, तर रात्री बॉनेट उघडून पाहिल्यास निळसर ठिणग्या ब्लॉककडे उडताना दिसतात.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनने काय बदलते?

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतल्या ‘मसल कार’नी फार पूर्वी शोधले. १९६४च्या पॉन्टियॅक जीटीओसारख्या मोटारींत ६.४ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन होते. आठ सिलिंडर ५,००० फेऱ्यांवर फिरले, तर सेकंदाला ३३० हून अधिक ठिणग्या लागतात. इतक्या वेगात पॉइंटची स्प्रिंग थरथरू लागते, पॉइंट नीट मिटत नाही, कॉइल भरत नाही आणि ठिणगी कमजोर पडते. म्हणून क्रायस्लरने १९७३ मध्ये आपल्या मोटारींत इलेक्ट्रॉनिक इग्निशन सरसकट दिले आणि १९७५च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सनेही तेच केले. आज जुन्या मसल कार दुरुस्त करणारे लोक इंजिनाला हात लावण्याआधी बहुधा पॉइंट काढून टाकतात.

जीपची गरज वेगाची नाही, तिला हवा भरवसा. पण उपाय तोच आहे. पॉइंटच्या जागी एक छोटे मोड्यूल बसते आणि शाफ्टवर चुंबकाचे कडे. चुंबक समोरून गेला, की मोड्यूल कॉइलचा प्रवाह तोडते. काहीच घासत नसल्याने फट बदलत नाही आणि टायमिंग हलत नाही. पॉइंटला साधारण चार अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह सोसत नाही. मोड्यूलला ही मर्यादा नसल्याने त्याला जुळणारी जास्त ताकदीची कॉइल लावता येते. सकाळी गाडी लवकर सुरू होते, कमी फेऱ्यांवर इंजिन एकसारखे चालते आणि प्लग काळे पडणे कमी होते.

मात्र अपेक्षा आवरती ठेवावी. इलेक्ट्रॉनिक इग्निशन इंजिनाची ताकद वाढवत नाही, हरवलेली ताकद परत मिळवून देते.

बसवताना कुठे चूक होते?

पहिली चूक व्होल्टेजची. सुरुवातीच्या काही जीपमध्ये ६ व्होल्टची बॅटरी होती. बाजारातली बहुतेक मोड्यूल १२ व्होल्टसाठी असतात. काही जुन्या मोटारींत बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू चेसिसला जोडलेली असते. तिथे नेहमीचे मोड्यूल लावले, तर ते पहिल्याच क्षणी जळू शकते.

दुसरी चूक डिस्ट्रिब्युटर न तपासण्याची. टोपण काढून शाफ्ट हाताने हलवून पाहावा. तो डगमगत असेल, तर बुश झिजलेले आहेत. त्यावर नवे मोड्यूल बसवणे म्हणजे पडक्या भिंतीला रंग देणे. शाफ्टखाली वजने आणि स्प्रिंग असतात. वेग वाढला की ती ठिणगी थोडी आधी पाडतात. ही वजने गंजून अडकलेली असतील, तर मोड्यूल लावूनही गाडी ओढणार नाही.

तिसरी चूक जुळवणीची. कॉइलचा रोध मोड्यूल बनवणाऱ्याने सांगितलेलाच हवा. प्लगच्या वायरीही त्याने सांगितलेल्या प्रकारच्याच लागतात. साध्या तांब्याच्या तारेतून होणाऱ्या विद्युत गोंधळाने काही मोड्यूल बिथरतात. इंजिन बंद असताना चावी ‘ऑन’ ठेवण्याची सवयही मोडावी लागते, त्याने कॉइल आणि मोड्यूल दोन्ही तापतात.

आणि एक तोटा मान्य करायला हवा. पॉइंट बिघडले तर रस्त्याच्या कडेला थांबून घासून, फट जमवून घरी येता येते. मोड्यूल मात्र मेले की मेले. म्हणून काढलेला पॉइंट, कंडेन्सर आणि जुनी कॉइल गाडीतच एका डब्यात ठेवावी.

दोष पेट्रोलचा तर नाही?

मिसिंगची प्रत्येक तक्रार इग्निशनची नसते. देशात फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने पंपांवर आले. जुन्या जीपचा कार्ब्युरेटर या पेट्रोलसाठी बनलेला नाही. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला ९ किलो. कार्ब्युरेटरचे जेट पेट्रोलच्या हिशेबाने आखलेले असतात. त्यात इथेनॉल मिसळले, की हवेच्या मानाने इंधन कमी पडते. गाडी झटके देते, एक्सलरेटर दाबताच दबते आणि तापते. कमी इंधनाचे मिश्रण पेटवायला ठिणगीही जास्त जोरकस लागते. त्यामुळे कमजोर पॉइंट आणि नवे पेट्रोल एकत्र आले, की त्रास दुप्पट जाणवतो.

इथेनॉल पाणी शोषते. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या जीपच्या टाकीत ते पाणी तळाशी बसू शकते आणि पत्रा गंजतो. जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा त्याने फुगतात किंवा चिरतात. म्हणून पाइप, पंपाचा पडदा आणि गास्केट इथेनॉलला टिकणारे घ्यावेत आणि गरज पडल्यास मुख्य जेट किंचित मोठा करावा. पेट्रोल गळणारा जुना पाइप हा गाडी पेटण्याचा धोका आहे, त्यात चालढकल नको.

मे महिन्यातली एक तक्रार वेगळीच असते. गाडी तापली की बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. अशा वेळी पंपात किंवा पाइपमध्ये पेट्रोलची वाफ अडकलेली असू शकते. जुने ड्रायव्हर पंपावर ओला फडका टाकायचे, त्यामागे हेच शास्त्र होते. मात्र तापल्यावर कॉइलही अशीच दगा देते. गाडी बंद पडताच आधी ठिणगी पाहावी. ठिणगी ठणठणीत असेल, तर दोष पेट्रोलच्या बाजूचा.

इंजिन खरोखर संपले, हे कसे ओळखावे?

यासाठी कॉम्प्रेशन टेस्ट आहे. इंजिन गरम करायचे, चारही प्लग काढायचे, एक्सलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजवर वाचून लिहून ठेवायचा. मोड्यूल बसवलेले असेल, तर आधी कॉइलला येणारी १२ व्होल्टची वायर काढावी.

चारही आकडे एकमेकांच्या जवळ, साधारण १० टक्क्यांच्या आत असतील आणि दाबही मुळात पुरेसा असेल, तर इंजिन उघडण्याचे कारण नाही. एखादा सिलिंडर कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजले आहेत, कारण तेलाने ती फट तात्पुरती बुजवली. दाब वाढला नाही तर दोष व्हॉल्व्हचा. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील, तर त्यांच्या मधली हेड गास्केट फुटलेली असू शकते.

या तीन दोषांचे खर्च एकसारखे नाहीत. गास्केट बदलणे हे सर्वांत लहान काम. व्हॉल्व्हला हेड उतरवावे लागते, आणि या इंजिनात धूर सोडणारे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असल्याने तेही तपासावे लागतात. बोअर, पिस्टन आणि क्रँकचे काम सर्वांत महाग, आणि ते चांगल्या लेथवाल्याकडेच करावे. पण यातल्या प्रत्येक कामात गाडीचे मूळ इंजिन आणि त्यावरचा नंबर कायम राहतो. याचे महत्त्व आरटीओ कार्यालयात कळते.

इंजिन बदलले तर कायदा काय म्हणतो?

गाडीच्या आरसीवर इंजिन नंबर, चेसिस नंबर, इंधनाचा प्रकार आणि सीसी नोंदलेले असतात. इग्निशनची नोंद तिथे नसते. त्यामुळे पॉइंट काढून मोड्यूल लावल्याने आरसीवरील कोणताही तपशील बदलत नाही. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवले, तर मात्र चेसिस नंबर सोडून बाकी तिन्ही नोंदी खोट्या ठरतात.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये एका निकालात हीच भूमिका अधोरेखित केली. इंजिन बदलाची माहिती नोंदणी प्राधिकरणाला १४ दिवसांच्या आत देऊन आरसीवर नोंद करून घेण्याची तरतूदही याच कलमात आहे. २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगीबाहेरच्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

खरी अडचण दंडाच्याही पुढची आहे. खासगी गाडी १५ वर्षांनी आपोआप भंगारात जात नाही. तपासणी होऊन नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी मिळते. त्या तपासणीत इंजिन नंबर जुळला नाही, तर नूतनीकरण अडते. अपघात झाला, तर विमा कंपनी याच मुद्द्यावर दावा लढवू शकते. त्यामुळे इंजिन बदलायचेच असेल, तर पाना हातात घेण्याआधी यवतमाळच्या आरटीओ कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि नव्या इंजिनाचे बिल व मूळ कागद जपून ठेवावेत. ‘बसवून टाका, नोंदीचे मग पाहू’ या सल्ल्याची किंमत शेवटी मालकच मोजतो.

पन्नाशी ओलांडलेल्या जीपचे काय?

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांचे नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, व्यावसायिक वापरात नसलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. तिला ‘व्हीए’ अक्षरे असलेला वेगळा नंबर मिळतो. शुल्क २० हजार रुपये आणि मुदत १० वर्षे, त्यानंतरच्या नूतनीकरणाला ५ हजार रुपये. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा.

म्हणजे मूळ ‘हरिकेन’ इंजिन काढून भंगारवाल्याला विकले, की हा रस्ता बंद होतो. मात्र प्रत्येकाने विंटेज नोंदणीच्या मागे लागावे, असेही नाही. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे किंवा देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. जीप रोज वावरात न्यायची असेल, तर साधी नोंदणीच सोयीची.

मग क्रम कोणता असावा?

आधी बॅटरी, तिच्या पट्ट्या आणि अर्थिंग. जुन्या गाडीत गंजलेली अर्थची पट्टी निम्म्या तक्रारी एकटी निर्माण करू शकते. मग प्लग, वायरी, टोपण, रोटर आणि पॉइंटची फट. मग टायमिंग. मग पेट्रोलचा मार्ग, म्हणजे टाकी, पाइप, पंप, कार्ब्युरेटर. त्यानंतर कॉम्प्रेशन टेस्ट. यातून डिस्ट्रिब्युटर चांगला आणि इंजिन निरोगी निघाले, तर इलेक्ट्रॉनिक इग्निशन हा सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत लवकर जाणवणारा बदल आहे. टेस्टमध्ये इंजिन नापास झाले, तर तेच इंजिन बांधून घ्यावे. दुसरे इंजिन हा शेवटचा पर्याय, आणि तोही कागदांसह.

एक गोष्ट या क्रमाबाहेर, सगळ्यांच्या आधी करायची. या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि मूळ रचनेत ते दाबायला पायाच्या जोराशिवाय दुसरी मदत नाही. इंजिन सुधारले की गाडी आपोआप जास्त वेगाने चालवली जाते, थांबवायचे साधन मात्र जुनेच राहते. ब्रेकचे लायनर, सिलिंडर आणि पाइप तपासल्याशिवाय इंजिनावर एक रुपयाही खर्च करू नये.

राळेगावच्या गॅरेजमध्ये पुढच्या वेळी ‘डिझेल टाकून देऊ’ हे वाक्य ऐकू आले, तर मालकाने एवढेच विचारावे : चारही सिलिंडरचे आकडे किती आले? ज्या मिस्त्रीकडे हे चार आकडे कागदावर लिहिलेले असतील, त्याचा सल्ला ऐकण्यासारखा आहे. आकडे नसतील, तर आधी गेज लावायला सांगावे. कदाचित त्या जीपला नव्या इंजिनाऐवजी अर्ध्या मिलिमीटरची फट तेवढी हवी असेल.